मुलुंडला गाडी बघायला गेलो

लोक इटलीला जाऊन येतात आणि लिहितात. मी मुलुंडला जाऊन आले आणि लिहिते आहे, कारण माझी इटली मुलुंडच्या एका सोसायटीत जिन्याखाली चादर पांघरून उभी होती.

मी कोल्हापूरची. पॉलिटेक्निकमध्ये मशीन ड्रॉइंग शिकवते. त्रिकोण का मजबूत असतो हे पोरांना सांगायची वेळ आली की मी फळ्यावर पुलाचा सांगाडा काढत नाही, एका इटालियन स्पोर्ट बाइकची फ्रेम काढते. बारीक पोलादी नळ्या एकमेकींना तिरक्या जोडलेल्या, नुसते त्रिकोणच त्रिकोण, आणि त्या पिंजऱ्यात लटकावलेलं इंजिन. इतकी वर्षं ती फ्रेम काढते आहे, पण एकदाही हात लावला नव्हता. अशी एक जुनी गाडी मुलुंडचे एक गृहस्थ विकताहेत असं कळलं आणि मी फोन लावला.

"मी किरण बोलतोय ओ, कोल्हापूरहून. शनिवारी येतो गाडी बघायला."

आता इथे थोडं थांबून सांगायला हवं. आमच्याकडच्या बायका बोलताना 'आलो, गेलो, जेवलो' म्हणतात. लिहिताना मी शहाण्यासारखं 'गेले' लिहिते, पण तोंड उघडलं की 'गेलो'च बाहेर पडतं. त्यातून नाव किरण, आणि वर्गात ओरडून ओरडून आवाज घोगरा झालेला. समोरच्या माणसाने काय समजावं?

मुलुंड, शनिवार

टोलनाक्याजवळ बसमधून उतरले तर पन्नाशीचा एक माणूस उतरणाऱ्या प्रत्येक पुरुषाला "किरण?" असं विचारत होता. त्याच्या डाव्या मनगटाला पट्टा होता. मी हेल्मेट काखेत धरून त्याच्या शेजारीच उभी होते. त्याने माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं, हताश झाला आणि फोन लावला. फोन माझ्या खिशात वाजला.

"अरे! म्हणजे... तुम्ही?"

"होय की. आलो बघा."

"आलो?" त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अहो, मी घरी सांगून ठेवलंय, गडीमाणूस येतोय, हॉलमध्ये झोपेल."

"मग हॉलमध्येच झोपतो की."

तो खो खो हसला. हाच मंगेश. मूळचा मालवणकडचा, वडील गिरणीत होते. हा स्वतः पवई-अंधेरीच्या टोलेजंग इमारतींमधल्या लिफ्टची कामं करतो. हसून झाल्यावर मात्र तो घर येईपर्यंत गप्प होता. तो का गप्प आहे ते मला कळत होतं. बायकांना अशा गप्पपणाची सवय असते.

दार उघडलं ते त्याच्या बायकोने, जागृतीने. खारदांड्याच्या कोळीवाड्यातली मुलगी, आता मुलुंडभर स्कूटरवरून घरपोच मासळी देते. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि जी हसत सुटली ती थांबेचना. "मंग्या, हा तुझा गडी? झकास आहे रे!" मी तिला वहिनी म्हणाले तर म्हणाली, "वहिनी कसली गं? जागृती म्हण. बस, मच्छी खातेस ना?" आमच्याकडे अगंतुगं व्हायला ओळख जरा मुरावी लागते. इथे चहा उकळायच्या आत झालं. मला ते फार आवडलं.

चहा झाल्यावर जिन्याखाली गेलो. मंगेशने चादर काढली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उगाच कशाला लपवू?

मी गुडघ्यांवर बसले आणि फ्रेमच्या नळीवरून हात फिरवला. फळ्यावर मी ती नेहमी जाड काढत आले होते. प्रत्यक्षात ती नाजूक आहे. मागचं चाक एकाच बाजूने धरलेलं, त्यामुळे दुसऱ्या बाजूने पाहिलं तर चाक सगळंच्या सगळं उघडं दिसतं. सायलेन्सर सीटच्या खाली, शेपटात लपवलेले. टाकी अशी घडवलेली की बसणाऱ्याचे गुडघे आपोआप तिच्या खाचांत जावेत. आणि इंजिनमधली खरी गंमत बाहेरून दिसतच नाही. बाकीच्या गाड्यांत हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा उघडतात दांड्याने आणि मिटतात स्प्रिंगच्या भरवशावर. या गाडीत मिटण्यासाठीही दांडाच असतो. आमचे एक जुने सर म्हणायचे, दार उघडायला माणूस ठेवलाय, तर लावायलाही ठेवावा, वाऱ्यावर सोडू नये.

मंगेशला ती जुहूच्या एका बंगल्यात सापडली होती. लिफ्ट दुरुस्तीला गेला आणि आवारात धूळ खात पडलेली ही बघून लिफ्टच विसरला. मालकाचा शौक संपला होता. याने टेम्पोतून ती घरी आणली, महिनोन्महिने खटपट करून सुरू केली. मग दोन वर्षांपूर्वी शिडीवरून पडून मनगट मोडलं. ते जोडलं गेलं, पण या गाडीचं हँडल खाली, अंगाचा अर्धा भार मनगटांवर, आणि क्लच असा जड की धडधाकट माणूसही सिग्नलला देवाचं नाव घेईल.

"घाटकोपरला एक हॉटेलवाला आहे," मंगेश म्हणाला. "त्याला भिंतीवर टांगायची आहे. शोभेला. मला ते नको. जो चालवेल त्यालाच द्यायची आहे." मग जरा घुटमळला. "उद्या तुम्ही चालवून दाखवा. जुहूपर्यंत. मी स्कूटरवर मागे असेन. मन मानलं तर गाडी तुमची."

"मी खरंच गडी असतो, तर असंच चालवून दाखवा म्हणाला असता?"

माणूस प्रामाणिक. "नसतं म्हटलं," म्हणाला.

माझा पारा चढला. मी काही बोलणार एवढ्यात मागून जागृती म्हणाली, "लाज वाटू दे जरा! आणि ऐक, उद्या मी पण येणार. मला आईकडे खारदांड्याला जायचंय."

"ये ना माझ्या मागे, स्कूटरवर."

"स्कूटरवर कशाला? हिच्यावर. ह्या सवतीवर."

मंगेशने गाडीच्या शेपटाकडे बोट दाखवलं. तिथे मागची सीटच नव्हती. नुसतं लाल, निमुळतं टोपण.

"सीट माळ्यावर आहे," जागृती शांतपणे म्हणाली. "गणपतीच्या मखराच्या मागे. पायदाणं पण तिथंच आहेत. तूच ठेवलीस."

"अगं, सीट लावली की मागची रेष बिघडते."

"इतकी वर्षं रेष सांभाळलीस ना? आता एक दिवस बिघडू दे."

मी मशीन ड्रॉइंगची बाई, मला रेषेचं कळतं. मंगेशचं बरोबर होतं, टोपणच शोभतं. पण त्या क्षणी मी पाना घेतला आणि टोपणाचे बोल्ट सोडवायला लागले.

रात्री कोळंबीचं कालवण, तांदळाची भाकरी आणि सोलकढी होती. आम्हा कोल्हापूरकरांना रश्श्याचा फार गर्व. जागृतीच्या कालवणाने तो पहिल्याच घासाला उतरवला. गडीमाणसासाठी आणलेल्या बियरच्या दोन बाटल्या फ्रीजमध्ये तशाच राहिल्या.

पवईमार्गे, रविवार

सकाळी गाडी सुरू केली तर अख्खी सोसायटी गॅलरीत. या गाडीचा क्लच कोरडा असतो, तेलात बुडवलेला नसतो, त्यामुळे उभ्या गाडीतून डब्यात नटबोल्ट खुळखुळावेत तसा आवाज येतो. वॉचमन धावत आला. "मॅडम, अंदर कुछ खुल गया है!" मंगेशने त्याला समजावलं, अरे, ती अशीच बोलते.

जागृती पंजाबी ड्रेस घालून, ओढणी कमरेला आवळून मागे बसली. मागची सीट म्हणजे पाटच, आणि तोही उंचावर. "पडले तर?" तिने विचारलं. मी म्हणाले, "मला घट्ट धर. मी झुकलो की झुक, सरळ झालो की सरळ हो." तिने धरलं ते असं की माझा श्वास अडकला.

आता खरं सांगते. ही गाडी या रस्त्यांसाठी नाही. तिचा पहिला गिअर इतका लांब की आमच्याकडची एखादी मोटारसायकल तेवढ्यात चौथ्यात पोचेल. हळू चालवायची म्हणजे अर्धा क्लच धरून बसायचं. भांडुपपर्यंत माझं डावं मनगट रडकुंडीला आलं आणि मांड्या भाजून निघाल्या. सायलेन्सर सीटखाली, म्हणजे चूल तिथंच पेटलेली. पेव्हर ब्लॉकचा प्रत्येक खड्डा मणक्यांत मोजला जात होता. मागून जागृती, "गं बाई, हिला स्प्रिंगा आहेत की नाहीत?"

पवईला मी वळण चुकले. परत फिरायचं म्हटलं तर हँडल वळता वळेना. स्पोर्ट बाइकचं हँडल जेमतेम वीतभर फिरतं. मी रस्त्यात आडवी अडकले. पुढे दुभाजक, मागे रिक्षा, हॉर्नचा गदारोळ. मागे स्कूटरवर मंगेश आहे, तो बघतोय, गेली गाडी हातची, एवढंच डोक्यात. तेवढ्यात जागृती खाली उतरली, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि मासळीबाजारातला आवाज लावला, "ए रिक्षा! थांब ना रे! दिसत नाय काय, बाई गाडी वळवतेय!" सगळा रस्ता थांबला. एका बसवाल्याने हात जोडले. मी मागे-पुढे, मागे-पुढे करत गाडी वळवली, आणि ती परत वर चढून बसली.

त्यापुढच्या उड्डाणपुलावर मात्र रविवारची कृपा झाली. समोर रस्ता मोकळा. "धर," म्हणाले आणि मूठ पिळली.

त्याचं वर्णन करायचं तर असं. इतका वेळ जी गाडी कुरकुरत, अडखळत, रुसत चालली होती, ती एकदम शहाणी झाली. दोन सिलिंडरचा तो धडधडाट एका घट्ट सुरात मिसळला. मागून कुणीतरी तळहात ठेवून ढकलावं तशी ती सरकली, झटका नाही, ओढाताण नाही, फक्त पुढे, आणि पुढे. पुलाच्या वळणावर मी नुसती नजर टाकली आणि गाडी तिकडे झुकली. ती फ्रेम! फळ्यावर हजार वेळा सांगितलेलं मला तेव्हा कळलं, की नळ्यांचा तो पिंजरा चाकाखालची खडी न खडी हाताला सांगतो. ब्रेकला दोन बोटं लावली तर वेग असा उतरला की जागृतीचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटलं. मी ओरडत होते. ती माझ्याहून मोठ्याने ओरडत होती.

जुहूला गाडी लावली. तिने हेल्मेट काढलं, केस चिकटलेले, चेहरा लालबुंद. ओढणी सोडून तोंड पुसलं.

"किरण, हा रविवारी सकाळी म्हणायचा, जरा फिरून येतो," ती म्हणाली. "मला वाटायचं, काय मेलं फिरायचं असतं इतकं. तर हा इथे यायचा होय!"

ती जुहूबद्दल बोलत नव्हती.

मंगेश दहा-पंधरा मिनिटांनी पोचला. स्कूटर लावून गाडीपाशी उभा राहिला. डोळे पाणावलेले. "मी तिला कधी चालताना बघितलंच नव्हतं," म्हणाला. "नेहमी वर बसलेला ना. आज पहिल्यांदा मागून बघितली. काय दिसते यार!" मग माझ्याकडे वळून, "ताई, गाडी तुमची."

मला आनंदाने काय करावं सुचेना. मी तिघांना बर्फाचा गोळा घेतला. काला खट्टा अंगावर सांडून घेतला आणि मंगेशला ताई म्हणाले.

खारदांडा

तिथून खारदांडा जवळच. जुहूच्या हॉटेलांमागून बाहेर पडून या गल्लीत शिरलं की मुंबई संपून आपण भलत्याच गावी आलोय असं वाटतं. बांबूंच्या मांडवांवर वाळत घातलेले बोंबील, दारात जाळी विणत बसलेले पुरुष, आणि गल्ली इतकी अरुंद की आरसे आत मिटवावे लागले. कोल्हापुरात गाडी बघायला माणसं जमली की आधी अॅव्हरेज विचारतात. इथे एका म्हातारीने टाकीवर थाप मारून विचारलं, "हिच्यावर बर्फाची पेटी राहील काय गो?"

ती जागृतीची आई. जावयापेक्षा मीच तिला जास्त आवडले असं दिसलं. तळलेले ओले बोंबील ताटात पडतच होते, आणि ती बोलतच होती. जागृती लग्नाआधी भावाच्या मोटारसायकलवर बर्फाच्या पेट्या लादून पहाटे बंदरावर जायची. गिअरची गाडी, मागे दोन पेट्या, ओल्या रस्त्यावरून. "वाघीण होती. लग्न झालं आणि स्कूटर धरली."

"आई, गप गो," जागृती म्हणाली. पण तिचं लक्ष जेवणात नव्हतं. ती दारातून गाडीकडे बघत होती.

परत येताना ती मागून प्रश्न विचारत राहिली. हा कितवा गिअर? आत्ता क्लच का दाबलास? वळताना ब्रेक का सोडलास? मास्तरीणबाईचा जीव तो, मला विचारलं की सांगितल्याशिवाय राहवतच नाही. सिग्नलला तर मी तिचा हात पुढे घेऊन क्लच दाबून दाखवला. तिने तो सहज दाबला. रोज सुऱ्यांनी घोळ, सुरमई कापणारा हात तो. मी कौतुकाने म्हणाले, "जागृती, तुला हा अजिबात जड नाही की गं!" माझंच बोलणं मला किती महागात पडणार आहे हे मला कळलं नाही.

पुन्हा मुलुंड, सोमवार

सकाळी मी पिशवी बांधली. कोल्हापूरपर्यंतचे थांबे मनात ठरले होते. खंबाटकीचा घाट कसा उतरायचा याचा विचार करत रात्रभर नीट झोपही लागली नव्हती. मंगेशने चेनला तेल घातलं, टाकी पुसली, माझ्या उंचीला आरसे लावून दिले. खाली जिन्यापाशी आम्ही दोघं तयार उभे. जागृती आली. गाडीपुढे फोडायला नारळ आणणार होती, पण हातात काही नाही.

"किरण, मला ती द्यायची नाही."

मंगेश चरकला. "अगं, मी शब्द दिलाय."

"तू दिलायस. मी आत्ता सांगतेय. तुझ्या हाताने चालवता येत नाही, माझ्या येईल. मला वाटायचं, हे बाईचं काम नाही. परवा ही आली. खरंच गडी आला असता ना, तर गाडी गेली असती, आणि मी नारळ फोडून सुटले असते." मग माझ्याकडे बघून, नजर न वळवता, "तू शिव्या दे मला. पण 'गाडी द्यायची नाही' म्हणायला तूच शिकवलंस."

मला राग आला. भलेपणाचा आव आणत नाही. मी कोल्हापूरहून आले, मांड्या भाजून घेतल्या, चालवून दाखवलं, मंगेशचं मन मानलं, आणि आता हे! फोनवर नुसतं 'मी येते' म्हणाले असते तर? तर मंगेशने मला बोलावलंच नसतं, हेही दिसत होतं. मी तशीच पायरीवर बसले. मंगेश बिचारा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे. शेवटी म्हणाला, "ताई, तुम्ही म्हणाल तसं. शब्द तो शब्द." म्हणजे निवाडा माझ्यावर ढकलून मोकळा.

जागृतीने तोवर चादर नीट घडी करून बाजूला ठेवली होती आणि ती गाडीच्या शेजारी उभी होती. हात लावत नव्हती. माझ्या परवानगीची वाट बघत होती, स्वतःच्याच घरच्या गाडीला हात लावायला.

"बस," मी म्हणाले.

"आँ?"

"बस वर. बघतो तुला येतंय का. नाही आलं तर मी घेऊन जातो."

ती बसली. पाय पुरेनात, चवडेच टेकले. मी म्हणाले, डावा पाय पूर्ण टेकव, उजवा ब्रेकवर. तिने ऐकलं. सुरू केली, खुळखुळाट झाला. क्लच सोडला, गाडीने गचका खाल्ला आणि बंद पडली. पुन्हा बंद पडली. मनात एक दुष्ट आनंद झाला, तोही लिहिते. मग मी पुढे होऊन तिच्या डाव्या हातावर हात ठेवला. "सगळा सोडू नकोस. जिथे ती ओढायला लागते ना, तिथे थांब. तिला विचार. मग सोड."

गाडी निघाली. हळू, डगमगत, सोसायटीच्या आवारातून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून. मंगेश दोन्ही हात पसरून मागे धावत होता, लहान मुलाला चालायला शिकवताना धावतात तसा. वॉचमन टाळ्या वाजवत होता. जागृती माझ्यापाशी परत आली, थांबली, पाय टेकवला. तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं, माझी गाडी गेली.

मला रडू आलं. तिलाही आलं. मंगेश आधीपासूनच रडत होता.

मग मी पिशवीतून पाना काढला, गाडीपुढे उभी राहिले आणि आरसे तिच्या उंचीला लावून दिले.